काळी एकमधला बाख

गुरुवार

कोल्हापुरातल्या एका जुन्या चर्चने मे महिन्याच्या सुट्टीत बरोक, म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय, संगीताचा छोटा महोत्सव ठेवलाय, गुरुवार ते रविवार, रोज संध्याकाळी साडेसहाला, कुणीही यावं, ही बातमी मला मामाने दिली. मामा देवल क्लबच्या मैफिली ऐकत वाढलेला, घरी पेटी वाजवणारा माणूस. चर्चमध्ये उपासनेला पेटी वाजवणारे गृहस्थ त्याचे जुने मित्र, त्यांच्याकडून त्याला कळलं. फोनवर म्हणाला, "तू ते बाख-बिख ऐकत असतीस न्हवं? मग ये की इकडं. मलाबी जरा सांगशील काय ते." मी पुण्याहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली आणि सकाळी शाहूपुरीत मामाच्या दारात उभी राहिले.

दुपारी तालीम ऐकायला जाता येईल असं मित्रांनी सांगितलं होतं, म्हणून जेवून लगेच निघालो. जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि कौलं, सागवानी बाकं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत शिरल्याबरोबर अंगाला गारवा लागला. युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये दगडी घुमटाखाली आवाज कितीतरी वेळ रेंगाळतो. इथे कौलं आणि लाकूड तो लवकर पिऊन टाकतात. वादकांना हे आवडलं होतं, कारण जलद स्वर एकमेकांत मिसळत नाहीत.

मंडळी मोजकीच. तीन व्हायोलिनवाले, एक व्हायोला, एक चेलो, एक गायिका आणि कीबोर्डवर हार्पसिकॉर्डचा, म्हणजे पियानोआधीच्या, तारा छेडणाऱ्या वाद्याचा, आवाज काढणाऱ्या पुण्याच्या बाई. चेलोवादक गोव्याचा. गोव्यात पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चशाळांमधून मुलांना सोल्फा (आपल्या सा-रे-गसारखी स्वरनावं) आणि व्हायोलिन शिकवत. त्याच्या घरात चार पिढ्या ते चालत आलंय. त्याच्या चेलोला आतड्याच्या तारा होत्या. कोल्हापूरच्या मे महिन्यात अशा तारा सांभाळणं फार कठीण. दुपारी हवा कोरडी, संध्याकाळी ढग दाटले की दमट, आणि तार प्रत्येक वेळी आपली जागा सोडते. तो दर दहा मिनिटांनी खुंट्या पिळत होता. पण त्या तारांचा आवाज! पोलादी तारेची चकाकी त्यात नाही. थोडा खरखरीत, माणसाच्या गळ्यासारखा.

बाईंनी कीबोर्डची पट्टी आधी खाली घेतली. आज जगभर बहुधा ए हा स्वर, म्हणजे पेटीची सहावी पांढरी, ४४० हर्ट्‌झला धरतात. बरोक काळात गावागणिक पट्टी वेगळी असे. आजचे बरोक वादक सोयीसाठी ४१५ धरतात, म्हणजे बरोबर एक सूर, पेटीवरची शेजारची पट्टी, खाली. मामाने हे ऐकलं आणि बोटांवर हिशेब केला. "म्हणजे पांढरी सहाच्या जागी काळी चार. मग तुमचा डी म्हणजे आमची काळी एक झाली!" बाईंनी वर बघितलं. काळी एक ही आपल्याकडे कितीतरी पुरुष गायकांची पट्टी. तेवढ्यावर दोघांचं सूत जुळलं.

पुढचा अर्धा तास मी नुसती ऐकत होते. बाईंनी कीबोर्डची जुळवणीही बदलली होती, वालोत्ती या अठराव्या शतकातल्या इटालियन संगीतज्ञाच्या नावाने ओळखली जाते ती. मामाला त्यातला नेमका फरक ऐकू आला. आपल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे तिचा गांधार षड्जाशी ५:४ या शुद्ध नात्यात बसत नाही. एका सुराचे शंभर भाग धरले तर सुमारे चौदा भाग चढा लागतो. तंबोऱ्याबरोबर गाणाऱ्याला तो टोचतो, म्हणून तर आपल्याकडे पेटीवर इतके वाद झाले. वालोत्तीच्या जुळवणीत नेहमीच्या पट्ट्यांमधले गांधार शुद्धाच्या बरेच जवळ येतात, आणि त्याची किंमत लांबच्या, कमी वापरातल्या पट्ट्या मोजतात. मामा डोळे मिटून एकच तिहेरी स्वरमेळ पुन्हा पुन्हा वाजवायला सांगत होता. "हा गांधार बघ," मला म्हणाला, "बसलाय."

संध्याकाळी कोरेली. आर्कान्जेलो कोरेलीने त्रिकूट सोनाटांमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन आणि खर्जाच्या रचनांमध्ये, चर्चसाठीचे आणि दरबारासाठीचे असे दोन प्रकार ठेवले होते. चर्चच्या सोनाटात संथ आणि जलद चलनं, म्हणजे रचनेचे भाग, आळीपाळीने येतात, नाचाच्या चाली दूर असतात. त्यातला एक आधी झाला. मग 'ला फोलिया', त्याच्या १७०० साली छापलेल्या पाचव्या संग्रहातला शेवटचा सोनाटा. सोळा खणांचा एक खर्जाचा साचा ठरलेला. तो फिरत राहतो आणि वर व्हायोलिन दर फेरीला नवं काही करतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर शेजारी मामाचा हात मांडीवर पडायला लागला. चौथ्या फेरीला त्याच्या पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचेही. तीन-तीन मात्रांचे सोळा खण झाले की परत सम, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवार

सकाळी लवकर अंबाबाईला गेलो. चेलोवादकाला देऊळ बघायचं होतं, गायिकाही आली. मामा त्यांना अल्लादिया खाँसाहेबांबद्दल सांगत होता. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारात आणलं. खाँसाहेब मुसलमान, आणि या देवळात देवीपुढे ते गायनसेवा करायचे. पुढे त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांनीही ती केली. जयपूर-अत्रौली घराण्याची अनवट, गुंतागुंतीची गायकी या गावात रुजली ती अशी. केसरबाई, मोगूबाई यांनी खाँसाहेबांकडून घेतली आणि मल्लिकार्जुन मन्सूरांनी त्यांच्या मुलांकडून. चेलोवादक गरुडमंडपातल्या लाकडी खांबांकडे बघत म्हणाला, "म्हणजे ते नोकरीवर होते आणि काम देवासमोर होतं. बाखचंही तेच." मला हे फार पटलं. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मध्ये जाईपर्यंत जर्मनीतल्या लायप्झिगमध्ये सेंट थॉमस चर्चच्या शाळेचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, होता. मुलांना शिकवायचं, गायकवृंद तयार करायचा, आणि सुरुवातीची काही वर्षं तर जवळजवळ दर रविवारी नवा कँटाटा, म्हणजे उपासनेत गायची मोठी रचना, लिहून, उतरवून, बसवून सादर करायचा. त्यातले सुमारे दोनशे आज आपल्याकडे आहेत. हे संगीत तिकीट काढून गप्प बसून ऐकायची वस्तू म्हणून जन्मलं नाही. ते उपासनेचं काम होतं, आणि म्हणून ते चर्चच्या बाकावर बसून ऐकताना जसं कळतं तसं हेडफोनमधून कळत नाही, असं माझं मत या चार दिवसांत पक्कं झालं.

येताना गंगावेशीत धारोष्ण दूध. गायिकेने दोन ग्लास घेतले.

दुपारच्या तालमीआधी मामाच्या मित्रांनी चर्चच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला जुना पायऑर्गन दाखवला. संगीत नाटकांच्या काळात अशीच वाद्यं रंगमंचापुढे असायची. पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हात मोकळे. मामाचा जीव तिथेच अडकला, कारण कोल्हापूर म्हणजे त्याच्या लेखी गोविंदराव टेंब्यांचं गाव, आणि पेटीचा विषय निघाला की त्याला दुसरं सुचत नाही. बाईंनी कापड बाजूला केलं, सगळ्या खुंट्या बाहेर ओढल्या आणि दोन्ही हातांनी भरगच्च स्वरमेळ दाबून धरला. बाख नवा ऑर्गन तपासायला गेला की पहिलं काम हेच करायचा म्हणे, त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय. सगळे स्वरपट एकदम उघडायचे आणि आधी बघायचं, वाद्याची फुप्फुसं चांगली आहेत का. या ऑर्गनची बऱ्यापैकी होती. दोन स्वर अडकत होते, ते मित्रांनी पट्ट्या काढून पुसून मोकळे केले.

संध्याकाळी व्हिवाल्दीच्या 'ग्लोरिया' या लॅटिन स्तुतिगीतातले काही भाग. त्यासाठी मुलींचा वृंद बसवला होता, जवळच्या एका वसतिगृहातल्या, आठवी ते बारावीच्या. व्हिवाल्दी पाद्री होता, लाल केसांमुळे त्याला 'लाल पाद्री' म्हणत, आणि त्याची आयुष्यातली मोठी नोकरी व्हेनिसमधल्या पिएता या अनाथाश्रमात होती. तिथे सोडून दिलेल्या मुलींना वाढवत आणि त्यांतल्या गुणी मुलींना संगीत शिकवत. तिथला वाद्यवृंद आणि गायकवृंद सगळा स्त्रियांचा. त्या चर्चमध्ये वरच्या सज्ज्यात जाळीआड उभ्या राहून गायच्या, आणि त्यांना ऐकायला युरोपभरातून प्रवासी येत. व्हिवाल्दी १७४१ मध्ये गेला आणि त्याचं लेखन विस्मरणात पडलं. हस्तलिखितांचे मोठे गठ्ठे १९२० च्या दशकात सापडले, ते आज तूरिनच्या ग्रंथालयात आहेत. 'ग्लोरिया' त्यांतलीच.

इथे जाळी नव्हती. मुली वेदीपुढे उभ्या होत्या, पांढरे सलवार-कुर्ते, वेण्या घट्ट बांधलेल्या. 'लाउदामुस ते' हे दोन वरच्या आवाजांचं गीत. दोन मुली पुढे आल्या, एक गडहिंग्लजकडची, एक चंदगडची. लॅटिन शब्द त्यांनी देवनागरीत लिहून पाठ केले होते. गायिकेने त्यांच्याकडून आवाज गोल करून घ्यायचा प्रयत्न केलाच नव्हता. त्यांचा गळा भजनातला, उघडा आणि सरळ, स्वराला थेट जाऊन भिडणारा. व्हिवाल्दी इथे दोन्ही आवाजांना एकमेकींच्या अगदी जवळून चालवतो. एक स्वर धरून राहते, दुसरी त्याच्यावर येऊन घासते आणि मग खाली उतरते. ती घासायची जागा मुली अजिबात न घाबरता घेत होत्या. पुण्या-मुंबईत मी हे गीत तयार गायिकांकडून ऐकलंय. इतकं ताजं नाही ऐकलं. संपल्यावर चंदगडच्या मुलीची आई, दिवसभराचा प्रवास करून आलेली, बाकावरून उठून सरळ पुढे गेली आणि दोघींच्याही तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

शनिवार

मामाच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारं गुंजन, बिघडली होती, म्हणून सकाळी मिरजेला निघालो. पन्नासेक किलोमीटर. चेलोवादकाने हट्टाने बरोबर यायचं ठरवलं.

मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि गल्लीच्या गल्ली त्याची झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात छताला भोपळे टांगलेले, कच्चे, रंगहीन, काही माणसाला मिठीत मावणार नाहीत एवढे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. कारागिरांनी तंबोरा मांडीवर घेतला, घोडी कानसेने अगदी हलक्या हाताने घासली, तारेखाली दोरा सरकवला, छेडला, पुन्हा घासली. बोलणं नाही. मध्येच एका क्षणी खर्जाच्या तारेतून गांधार बोलायला लागला, कुणी वाजवत नसताना, स्वच्छ.

चेलोवादक जमिनीवर बसून होता. त्याच्या वाद्याची घोडी पातळ, उभी, तार तिला एका बिंदूवर स्पर्श करते. इथे घोडी रुंद, किंचित बाकदार, आणि तार तिच्यावर घासत जाते म्हणून सगळे उपस्वर जागे होतात. त्याने कारागिरांना फोनवर हार्पसिकॉर्डची आतली रचना दाखवली. पट्टी दाबली की लाकडाची एक उभी काडी वर उडते, तिला बसवलेली नखी तार छेडते आणि खाली येताना तारेला न छेडता मागे वळते. पूर्वी ही नखी पक्ष्याच्या पिसाच्या दांडीतून कापत, आता बहुतेक प्लास्टिकची असते. कारागिरांनी चित्रफीत तीनदा पाहिली. "लाकूड कुठलं?" एवढंच विचारलं. मग, "तार पितळी का?" खालच्या सप्तकाला पितळी, हे ऐकून त्यांनी मान हलवली. तंबोरा सोमवारी घेऊन जा म्हणाले, जवारीला दोन दिवस बसू दे.

दुपारी परतेपर्यंत जोतिबाच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं.

शनिवारचा कार्यक्रम बाखचा. आधी चेलोवादकाने सोलो चेलोचा जी मेजरमधला पहिला सुइट वाजवला. एकटं वाद्य, खाली खर्ज सोडून वर जातं, आणि सोडलेला खर्ज कानात चालूच राहतो. तंबोरा नसताना तंबोरा ऐकू येतो, असं मामा म्हणाला, आणि सकाळची मिरज पाहून आल्यावर मलाही तेच वाटत होतं. त्यानंतर दोन व्हायोलिनचा डी मायनर कन्चेर्तो. पहिलं चलन संपत आलं आणि वळीव आला. आधी वारा, मग कौलांवर गारा. शेवटची सुरावट कुणालाच ऐकू आली नाही. वीज गेली.

वीस मिनिटं सगळे व्हरांड्यात. चर्चच्या बायकांनी पन्हं आणलं, पोरं गारा वेचून तोंडात टाकत होती. पाऊस उतरला, वीज आली नाही. वेदीवरच्या मेणबत्त्या आणि दोन कंदील लागले. वाद्यांना विजेची गरज नव्हती, एक सोडून. कीबोर्ड मुका झाला होता, आणि या संगीतात तो नसेल तर घराला जमीन नाही. बरोक संगीतकार साथीच्या कीबोर्डसाठी सहसा पूर्ण स्वरलेखन करतच नाही. तो खर्जाची एक ओळ लिहितो आणि तिच्याखाली आकडे, सहा, सात, चार-तीन. त्यावरून कुठले स्वर भरायचे, किती, कुठे पसरायचे, कुठे गप्प राहायचं, हे वाजवणाऱ्याने जागेवर ठरवायचं.

बाई उठून कोपऱ्यातल्या पायऑर्गनकडे गेल्या. अडचण अशी की ऑर्गन आजच्या पट्टीत आणि बाकी सगळे एक सूर खाली लावलेले. दुसरं चलन एफ मेजरमध्ये आहे, म्हणजे त्यांना समोर एफ वाचून ई मेजरमध्ये वाजवायचं होतं, आकडे बघत, कंदिलाच्या उजेडात, भाता मारत. मामाचे मित्र कंदील धरून उभे राहिले. मामा ऑर्गनच्या बाजूला जाऊन म्हणाला, "पांढरी तीन. डोक्यात षड्ज तिथं ठेवा, बाकीचं आपोआप येतंय." बाई म्हणाल्या, "तेच करतेय."

मग ते संथ चलन. खालचं व्हायोलिन सुरू करतं, दोन खणांनी वरचं येतं, तीच सुरावट पाच स्वर वरून. पहिलं तोवर पुढे गेलेलं असतं, दुसऱ्यासाठी वाट सोडत, पुन्हा मागे येत. कोण पुढे आणि कोण मागे हे थोड्या वेळाने सांगता येत नाही. खाली चेलोची संथ, झुलती चाल, आणि तिच्याबरोबर त्या जुन्या ऑर्गनचा श्वास. बाईंनी स्वर कमी ठेवले होते, हार्पसिकॉर्डवर ठेवल्या असत्या त्याहून कितीतरी कमी, कारण या वाद्यात स्वर विरत नाही, धरलेला राहतो. मधूनमधून त्या उजव्या हाताने एक धागा वर नेत आणि व्हायोलिन तिथे पोचायच्या आत सोडून देत. साथ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे असे शंभरेक लोक त्या बाकांवर होते. एका जागी, जिथे बाईंनी असं वाट करून दिलं, तिथे मागून कुणीतरी "वाः!" म्हणालं. चर्चमध्ये, बाख चालू असताना. पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्याने पुढची जागा आणखी मोकळी घेतली.

ऑर्गनचा गांधार चढा होता. घरी जाताना मामा ते बोललाच, पण लगेच पुढे म्हणाला, "आज मापायचं न्हाई."

रविवार

सकाळी उपासनेला गेलो. नारायण वामन टिळकांची पदं, ओवी-अभंगाच्या वळणाची, पेटी, तबला आणि झांज. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि इथल्या मिशनचं काम सुरू झालं. टिळकांची पदं त्यानंतर अर्ध्या शतकाने आली आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला तिचा सूर मिळाला. कालचे वादक मागच्या बाकावर बसून ऐकत होते, चेलोवादकाने एका पदाची चाल वहीत उतरवून घेतली.

संध्याकाळचा कार्यक्रम लहान होता, बुक्स्टेहूड आणि पुन्हा थोडा बाख. चर्चच्या पाद्रीसाहेबांनी आधी सांगितलं की लुबेकच्या सेंट मेरी चर्चमध्ये बुक्स्टेहूड संध्याकाळच्या मैफिली करायचा, खर्च गावचे व्यापारी उचलायचे आणि ऐकायला सगळ्यांना मोकळीक. त्या ऐकायला आणि त्याच्याकडून शिकायला वीस वर्षांचा बाख १७०५ च्या हिवाळ्यात आर्नश्टाटहून चालत गेला, सुमारे चारशे किलोमीटर. रजा चार आठवड्यांची होती, तो चारेक महिने राहिला. पुढच्या बाकावरचे आजोबा मोठ्याने म्हणाले, "म्हणजे वारीच की ओ!" आणि पाद्रीसाहेब म्हणाले, "वारीच."

शेवटी चेलोवादकाने सकाळच्या पदाची चाल खर्जात धरली. बाईंनी आकडे वाचावेत तसे वर स्वर भरले. वीज होती, पण त्या ऑर्गनवरच बसल्या होत्या. व्हायोलिनं एकामागून एक आत आली. दुसऱ्या फेरीला लोकांनी तोंड उघडलं. लायप्झिगमध्येही बाखच्या कँटाटात शेवटी येणारी गीतं लोकांच्या रोजच्या ओठांवरचीच होती. ओळखीच्या चालीभोवती त्याने बाकीचं बांधलं. वसतिगृहाच्या मुलींनी वरचा आवाज उचलला, तो कुणी बसवला नव्हता.

सोमवार

परतीच्या वाटेवर मी आणि मामा मिरजेला उतरलो. तंबोरा तयार होता. कारागिरांनी आधी तो दिला नाही, आतून लाकडाची एक काडी आणली. सागवानाची, वितीएवढी, वरच्या टोकाला खाच आणि खाचेत बसवलेली मोरपिसाच्या दांडीची नखी. शनिवारच्या चित्रफितीवरून बनवली होती. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारेखाली धरून त्यांनी ती खालून वर उडवली. तार छेडली गेली, पण परत येताना नखी अडकली. "मागं वळाय पायजे ती, स्प्रिंग बारीक लागंल," ते म्हणाले. मी तिथूनच चेलोवादकाला फोन लावून दिला आणि पुढचा पाऊण तास दोघं डुकराच्या केसाची स्प्रिंग की पितळी, यावर बोलत होते. जुन्या हार्पसिकॉर्डमध्ये डुकराचा केस लावत. कारागीर पितळीवर ठाम राहिले. मामाने तोवर तंबोरा काळी एकला लावून घेतला.